रेषेबाहेरचा गोलकीपर

आमच्या मास्तरांनी मला पहिल्यांदा गोलमधून बाहेर काढलं ते अक्षरशः शर्टाला धरून. गोव्यातल्या सर्वणला, आमच्या गावच्या मैदानावर आमचा बॉल पलीकडच्या गोलजवळ होता आणि मी नेहमीसारखा दोन खांबांमध्ये उभा होतो.

"हांगा कित्याक उबो? आमचा बॉल तिथं, तू इथं! तुझ्या आणि बॅकच्या मधल्या जागेत काय भात लावायचं आहे?"

त्यांनी मला ओढत पेनल्टी एरियाच्या चुन्याच्या रेषेबाहेर आणून उभं केलं. मला तिथं नागडं वाटलं. रेषेबाहेर हात चालत नाहीत आणि मला तर हातांशिवाय काही येत नव्हतं.

मास्तर खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. तरुणपणी मोठ्या क्लबांतून खेळलेले. आमच्यासारख्या गावच्या टीमला शिकवायला दुसरं कोण येणार? ते सांगत, मारणाऱ्याकडे बघ. लांब मारायचा असला की त्याची मान खाली जाते. मान गेली की नीघ, बॉल हवेत गेल्यावर निघालास तर मेलास.

पण मी बाहेर आलो की मागे गोल रिकामा. म्हणून आमचं ठरलं होतं. मी "माझो!" म्हणून ओरडलो की स्टॉपरने, म्हणजे माझ्या पुढ्यातल्या मधल्या बॅकने, बॉल सोडायचा आणि धावत गोलमध्ये जायचं. स्टॉपर माझ्याच वाड्यावरचा, शाळेत एका बाकावर बसलेला. माझे वडील सावंतवाडीकडून ट्रक चालवायला इथं आलेले, गावात आमचं असं कुणी नव्हतं. तो होता.

सुरुवातीला लोक हसायचे. "गोलकीपर खंय चल्लो रे? बाजारात?" मग हळूहळू हसणं थांबलं. मी बाहेर येऊन लांबचे बॉल पायाने उडवून लावायचो, आणि आम्ही जिंकत गेलो. गोवा घटक राज्य झालं त्या सुमाराची गोष्ट. मराठी की कोकणी, यावरून बाजारात सख्खे शेजारी एकमेकांशी बोलत नव्हते, पण आमच्या मॅचला बांधावर एकत्र उभे असायचे.

फायनल वाळपईला होती. बराच वेळ कुणाचाच गोल नव्हता. उत्तरार्धात त्यांच्या हाफबॅकने मान खाली घातली आणि मी निघालो. बॉल उंच आला, टप्पा रेषेच्या बाहेर पडणार हे मला स्वच्छ दिसत होतं. "माझो!" मी ओरडलो. स्टॉपरने वळून माझ्याकडे बघितलं. मग तो बॉलवरच गेला. त्याच्या बुटाला लागून बॉल माझ्या बाजूने मागे गेला आणि लाल मातीवरून सावकाश रिकाम्या गोलमध्ये शिरला. मी त्याच्यामागे धावलो. पोचलो नाही.

"माफ कर रे," तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "हाक ऐकली, पण वाटलं मीच मारतो." मी त्याच्या पाठीवर थाप मारली. चुका होतात.

आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी क्लबच्या कमिटीची मीटिंग होती. त्याआधी मास्तर आमच्या घरी आले. दारातल्या कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसून त्यांनी चहा घेतला. आई म्हणाली, "मास्तरांनू, जेवून जावा." ते जेवले. जाताना मला म्हणाले, "भियेव नाका. हांव आसां मरे, मी आहे ना." वडिलांनी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडलं.

मीटिंग देवळाच्या मंडपात भरली. कामकाज मराठीत लिहायचं की कोकणीत, यावरच आधी जुंपली. माझ्या बाबतीत मात्र दोन्ही भाषांत एकमत झालं. अध्यक्षांनी मास्तरांना विचारलं, "गोलकीपरला गोल टाकून हिंडायला तुम्ही सांगता?"

मास्तर चपलांकडे बघत म्हणाले, "हांवें ताका भायर सर म्हणून केन्नाच सांगूंक ना."

कधीच सांगितलं नाही! मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी स्टॉपरकडे वळलो. "तू सांग. मी हाक मारली होती की नाही?"

"मला काही ऐकू आलं नाही," तो म्हणाला.

मी उठून बाहेर आलो. पाठोपाठ कुणी आलं नाही.

मला टीममधून काढलं. मास्तर राहिले. मी वर्कशॉपवर जाऊन त्यांना गाठलं तेव्हा त्यांचे हात ग्रीसने माखलेले होते. ते फडक्याने पुसत राहिले.

"तुम्ही आमच्या घरी जेवलात मास्तर."

"तू तरणो," ते म्हणाले. "तुका दुसरो क्लब मेळटलो. म्हाका ह्या वयार कोण घेतलो?"

क्लब मिळाला. पेडण्यात, इब्रामपूरला. तिथंही मी रेषेबाहेरच उभा राहायचो, कारण तेच मला येत होतं. फक्त "माझो" म्हटल्यावर मान वळवून मागे बघायची सवय लागली. त्या वळण्यात अर्धा क्षण जायचा आणि गोलकीपरला तेवढा पुरेसा असतो, गोल खायला. गुडघा गेला तेव्हा खेळ सोडताना मला वाईटसुद्धा वाटलं नाही.

बऱ्याच वर्षांनी सर्वणात मास्तरांचा सत्कार झाला. स्टॉपर तोवर क्लबचा अध्यक्ष होता. तो स्वतः बोलवायला आला, म्हणून गेलो. माईकवर तो म्हणाला, "गोलकीपरला पेनल्टी एरियाबाहेर खेळायला शिकवणारे आपल्या भागातले पहिले मास्तर!" टाळ्या पडल्या. "आणि तो गोलकीपर इथंच बसलेला आहे."

मला स्टेजवर नेलं. मास्तर थकले होते. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "येयलो तूं? बरें जालें."

"मास्तर, हे तेव्हा सांगायचं होतं," मी म्हणालो.

त्यांनी ऐकलं. हात सोडला नाही. फोटोवाला खालून ओरडला, इकडे बघा, आणि आम्ही दोघांनी तिकडे बघितलं.

तो फोटो क्लबच्या खोलीत लावलाय म्हणतात. मी बघायला गेलेलो नाही.