सातव्या पानावरची दुधाची वाटी

सात वर्षं ते पुस्तक माझ्या कपाटात होतं, जुन्या स्वेटरांच्या खाली. बायकोलाही माहीत नव्हतं. दहा पानांचं, जाड कार्डशीटवर रंगवलेलं, आळेफाट्याला लॅमिनेशन आणि स्पायरल करून आणलेलं. केलं मीच होतं, आमच्या मळ्यातल्या अंगणवाडीसाठी.

मी हायस्कूलला चित्रकला शिकवतो. हा तास परीक्षा जवळ आली की गणिताला जातो, आणि चित्रकलेच्या सरांना स्नेहसंमेलनाच्या कमानी रंगवायला बोलावतात. त्यामुळे अंगणवाडीच्या ताई जेव्हा म्हणाल्या, की सर, आमच्याकडची पुस्तकं सगळी शहरातली आहेत, त्यात जिराफ आहे, पेंग्विन आहे, आपल्या पोरांना ओळखीचं काही द्या, तेव्हा मी हरखलो. आमच्याकडे ओळखीचं जनावर म्हणजे बिबट्या. उसात राहतो, मादी उसातच विते. महिन्याभरात मी पुस्तक केलं. उसात हरवलेलं बिबट्याचं पिल्लू, लाल फ्रॉकवाली मुलगी. सातव्या पानावर ती मुलगी पिल्लाला वाटीतून दूध देते. नवव्या पानावर बिबट्याची आई येते आणि हसते. ते हसू जमायला मला तीन रविवार लागले.

पोरं वेडी झाली. रोज तेच पुस्तक. एकदा वनखात्याचा गार्ड अंगणवाडीत आला होता, त्यानं ते चाळलं आणि मला रस्त्यात गाठलं.

"सर, चित्रं झ्याक हायेत. पण नववं पान काढून टाका."

"का हो?"

"पिल्लांजवळ आई आसती तवा ती हसत न्हाई. बारकी पोरं हायेत, त्यास्नी खरंच वाटतं."

"अहो भाऊ, गोष्ट आहे ती. पोरांना कळतं."

"तुमाला कळतं, सर. पोरांचं म्या काय सांगू?"

तो हसला आणि गेला. मलाही हसूच आलं, की गार्डनं आता मला चित्रं शिकवायची. हे मी आधी सांगतोय, कारण पुढचं सगळं मला कुणी बजावलेलं नव्हतं असं नाही.

आमच्या शेजारच्या घरात दोन जावा. थोरलीची मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची. थोरली सकाळी पोल्ट्रीत कामाला जायची, म्हणून मुलीचं सगळं धाकटीकडे. न्हाऊ घालणं, जेवण, दोन वेण्या. ताईंनी शनिवारी पुस्तक त्या मुलीला घरी न्यायला दिलं होतं. धाकटीनं तिला ते दोन दिवसांत किती वेळा वाचून दाखवलं असेल कोण जाणे.

सोमवारी त्यांच्या उसाची तोड चालू होती. निम्मा ऊस पडला आणि पाचटाखाली, उसाच्या वाळल्या पाल्यात, बिबट्याची दोन पिल्लं सापडली. असं झालं की आमच्याकडे काय करायचं हे सगळ्यांना ठाऊक आहे. कोयते थांबतात, वनखात्याला फोन जातो, पिल्लं टोमॅटोच्या क्रेटमध्ये ठेवून क्रेट तिथंच राहू देतात आणि माणसं लांब होतात. आई अंधार पडल्यावर येऊन नेते. त्या दिवशीही क्रेट ठेवलं. फक्त माणसं लांब झाली नाहीत. बांधावर सगळे मोबाइल घेऊन उभे. मीही होतो. मला पिल्लांच्या कानांचं रेखाटन करायचं होतं.

धाकटी तोडकऱ्यांसाठी चहा घेऊन आली होती. मुलगी तिच्याबरोबर. मुलीनं दूध मागितलं, धाकटीनं वाटीत ओतून दिलं आणि ती पुन्हा कप भरायला लागली. मग कुणीतरी ओरडलं. मी वळून पाहिलं तर मुलगी क्रेटजवळ पोचली होती, दोन्ही हातांत वाटी धरून, दूध सांडू नये म्हणून हळू चालत. पिल्लांची आई उभ्या उसातच होती. एकच पंजा मारला तिनं, आणि आमच्या आरडाओरड्यानं मागं फिरली.

मुलगी वाचली. कानापासून हनुवटीपर्यंत टाके पडले.

गाडी दवाखान्याकडे गेल्यावर बांधावर बायका बोलायला लागल्या. "चहा वाटत बसली, पोरीकडं ध्यान न्हाई." "आन दूध कशाला दिलं हातात? दुधाच्या वासानं आली ती." "सोताचं आसतं तर सोडलं आसतं का?" धाकटीला मूल नव्हतं. ती पाचटात बसून होती, मांडीवर रिकामी किटली. वाटी क्रेटपाशी उपडी पडली होती. ती वाटी मी ओळखली. म्हणजे ती कुठून आली हे ओळखलं. त्या बांधावर ते फक्त मलाच कळलंय असं मला वाटलं, आणि मी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. चौकशीला गेलो असं सगळ्यांना वाटलं. धाकटी एकटीच घरी होती. मी म्हणालो, "ते पुस्तक... एक पान सुटलंय, दुरुस्त करून..." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिनं टीव्हीवरून ते काढलं, पदरानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं. ताईंना मी सांगितलं, पुस्तक खराब झालं, टाकून दिलं.

घर मोडलं नाही. पण थोरलीनं जावेशी बोलणं कमी केलं ते केलंच. मुलीला घेऊन ती पोल्ट्रीत जायला लागली. धाकटी कुणाच्या बारशाला दिसेना. मी रोज त्यांच्या दारावरून शाळेत जायचो, आणि मान खाली घालायला कारण हवं म्हणून मोबाइल बघायचो.

ती मुलगी आता माझ्याच वर्गात आहे, सहावीला. केस गालावर ओढून बसते. या वर्षी मुलांनी अंगणवाडीसाठी चित्रपुस्तकं करायची ठरली. तिनं पान आणून माझ्यासमोर ठेवलं. ऊस, टोमॅटोचं क्रेट, मागं उसात दोन डोळे. मुलगी पार बांधाच्या अलीकडे.

"सर, आसं चालंल का? हसनारा न्हाई काढला."

"हसणारा?"

"तुमच्या पुस्तकात व्हता ना, तसा."

तिला आठवत होतं. आवाजात राग नव्हता, चित्राबद्दल विचारावं तसंच विचारलं. मी "चालेल" म्हणालो आणि तास सुटायच्या आत वर्गाबाहेर गेलो.

त्या संध्याकाळी धाकटी गोठ्यात एकटी होती. मी पुस्तक पिशवीतून काढलं. सांगायला लागलो, आणि तिनं हात वर केला.

"म्हाईत हाये, सर. तुमी पुस्तक न्यायला आलाव तवाच कळलं. त्याच्या आदीच कळलं व्हतं. ती मला म्हनली व्हती, पिल्लाला देती म्हून. मला वाटलं खेळातलं बोलतीय. म्याच दूध दिलं."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? सरांच्या पुस्तकानं झालं? म्हनले आसते, आता शिकल्यासवरल्या मान्सावर ढकलतीय." तिनं शेणाची पाटी बाजूला सारली. "तुमी सांगाल म्हून वाट बघितली मी. वरीसभर बघितली."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "मला नका सांगू. वैनींना सांगा. मी हितंच हाये."

थोरली चुलीपुढे भाकरी थापत होती. मी खाली बसलो, पुस्तक सातव्या पानावर उघडून तिच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. गार्डनं काय बजावलं होतं तेही. टीव्हीवरून पुस्तक कसं नेलं तेही. तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती उलटली नाही.

तिची नजर चित्रातल्या वाटीवर होती. मग म्हणाली, "पोरगी अजून माझ्याकडून वेणी नीट घालून घेत न्हाई. म्हनती, काकीसारखी येत न्हाई तुला." आणि नंतर, माझ्याकडे न बघता, "सात वर्सं तिला मी पोरीच्या केसाला हात लावू दिला न्हाई, सर."

पुस्तक तिथंच ठेवून उठलो. अंगणात धाकटी गोठ्याच्या दाराशी उभी होती, हात न धुता. घरातून तिला हाक आली की नाही, ते ऐकायला मी थांबलो नाही. थांबायचा मला हक्क नव्हता.