आप्पांचं डाँग

त्या घरात सगळे तिला वहिनी म्हणायचे. दीर म्हणायचा ते ठीकच, पण दिराचं ऐकून तिची स्वतःची लेकरंही वहिनीच म्हणायला लागली, आणि मग नवऱ्यानेही कंटाळून तेच धरलं. एक सासरे तेवढे तिला काहीच म्हणायचे नाहीत. त्यांना हवं तेव्हा ते "अगं" म्हणत, आणि घरात बाकी कोणीही असलं तरी ते "अगं" आपल्यालाच आहे हे वहिनीला कळायचं.

वहिनीचा कान म्हणजे काय सांगू! दाराच्या आतल्या भिंतीवर एक जुनी घंटी होती. पांढरी पेटी, आत दोन पितळी पट्ट्या आणि मधे एक दांडी. बाहेरचं बटण दाबलं की दांडी एका पट्टीवर आपटायची, डिंग. बटण सोडलं की मागे येऊन दुसरीवर, डाँग. म्हणजे डिंग आणि डाँगच्या मधे जेवढं अंतर, तेवढा वेळ माणसाचं बोट बटणावर. वहिनी ओळखायची ती या अंतरावरून. डिंगडाँग डिंगडाँग असं एकाला एक चिकटून आलं की तिचा नवरा, त्याला कधी दम निघाला नाही. दूधवाल्याचं टुकटुकीत. शेजारणीचं भीत भीत, जणू बटण तापलंय. दिराचं तर इतकं आळशी की कधी नुसतंच अर्धवट डिंग.

आणि आप्पांचं. आप्पा म्हणजे सासरे. सकाळ-संध्याकाळ फिरून यायचे. त्यांचं डिंग व्हायचं, मग थांबायचं, मग चांगलं सावकाश डाँग. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा ते अंतर थोडंसंच होतं. अलीकडे फार लांबलं. वहिनी खुर्चीच्या हातावर भार देऊन उठायची, सपाता शोधायची, मधलं दालन पार करायची, आणि दाराच्या खरखरीत काचेपाशी पोचायची तेव्हा कुठे डाँग. ती शेजारणीला सांगायची, आप्पांचं वय झालं हो, बोट उचलायलासुद्धा वेळ लागतो बिचाऱ्यांना. सांगताना तिला थोडं वाईट वाटायचं आणि थोडं बरंही वाटायचं. कारण हे कळणारी जगात ती एकटीच होती.

मग वरच्या मजल्यावर धाकटी आली. धाकटी म्हणजे दिराची बायको. दिराने उशिरा लग्न केलं आणि बायको आणली ती नोकरीवाली, चटपटीत, बोलायला गोड. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, तसं. तिखट तरी बरं होतं, भांडता आलं असतं. ही मेली गोड होती.

धाकटीची पार्सलं यायची. एक पार्सल दार न उघडल्यामुळे परत गेलं, त्या दिवशी वहिनी नेमकी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. धाकटी "असू दे" म्हणाली. तिने कॅमेऱ्याची बेल मागवली. बाहेर कोणी बटण दाबलं की तिच्या फोनवर माणूस दिसणार, ती ऑफिसातून त्याच्याशी बोलणार. वहिनीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणजे मी घरात असून नसल्यासारखीच का, असं ती नवऱ्याला म्हणाली. नवरा म्हणाला, चांगलंय की, तुझा त्रास वाचेल. याच माणसाशी आपण संसार केला, असं तिला त्या क्षणी वाटून गेलं.

वायरमन आला. जुनं बटण काढून त्याने तिथे ती काळी चपटी डोळेवाली बेल बसवली. लगेच आतली घंटी गुणगुणायला लागली. तो म्हणाला, ही बेल सतत थोडी थोडी वीज ओढते ना, ती तुमच्या घंटीतूनच जाते, म्हणून. मग त्याने घंटीत एक लहानशी वायर आडवी टाकली आणि वीज तिला वगळून जाऊ दिली. गुणगुण थांबली, आणि डिंगडाँगही थांबलं. त्याऐवजी धाकटीने वरच्या जिन्यापाशी प्लगमध्ये एक बिनवायरची डबी खोचली. बटण दाबलं की ती डबी गाणं म्हणायची. कसलं गाणं, लहान मुलाच्या खेळण्यातलं! तेही वर. खाली वहिनीला ऐकू यायचं न यायचं.

एवढ्यावर भागलं असतं तर वहिनीने सोसलं असतं. पण पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी तिला दाराबाहेर आवाज आले. काचेतून आप्पांची आकृती दिसत होती. ते भिंतीशी बोलत होते आणि भिंत त्यांच्याशी बोलत होती.

भिंत म्हणाली, आप्पा, आज लवकर परत आलात? आप्पा म्हणाले, हो बाळ, वारा फार होता.

बाळ! लग्न होऊन आल्यापासून वहिनीने त्यांचा चष्मा शोधला, औषधं दिली, त्यांना लागतो तसा पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला. बदल्यात काय, तर "अगं" आणि "हं". आणि ही ऑफिसात गार हवेत बसून, एक पेला पाणी न देता, बाळ झाली. वहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने दार उघडलं, आप्पा नेहमीसारखे "हं" म्हणून आत गेले.

पुढे रोजचंच झालं. आप्पा पूर्वी बटण दाबून मुकाट उभे राहायचे, आता दाराशी रेंगाळायचे. कोणाचा कुत्रा सुटला, कोणत्या दुकानाचं शटर आज बंद होतं, सगळं त्या काळ्या डोळ्याला सांगायचे. वहिनी आत भाजी निवडत ऐकायची. त्यांना एवढं बोलता येतं हेच तिला ठाऊक नव्हतं. रात्री जेवताना तिने मुद्दाम विचारलं, बाहेर वारा होता का. आप्पा म्हणाले, "हं."

तेव्हा वहिनीने एक उद्योग केला. दार पुसायचं निमित्त काढलं, फडक्याला चांगलं तेल लावलं आणि पुसता पुसता तो डोळाही पुसून घेतला. मागे सरून बघते तर छान धूसर झालेला. आता बघ म्हणावं तुझ्या आप्पांना. तेवढ्यात भिंत बोलली. अगदी गोड आवाजात बोलली.

"वहिनी, काचेला तेल लागतंय बघा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बटण न दाबताही त्या डोळ्याला समोरचं माणूस दिसतं, हे वहिनीला कोणी सांगितलं होतं? ती तिथेच पदराने काच पुसत बसली. संध्याकाळी धाकटी त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. त्यामुळे तर वहिनीला दोन घास कमी गेले.

चोरून जमत नाही म्हटल्यावर तिने उघड मागितलं. माझी घंटी मला परत हवी, खाली काही ऐकू येत नाही. तिला वाटलं होतं धाकटी कुरकुर करेल, मग चार गोष्टी ऐकवता येतील. धाकटी म्हणाली, अहो, आधी का नाही सांगितलंत? आणि दुसऱ्याच दिवशी वायरमनला बोलावलं. भांडायची सोयसुद्धा ठेवत नव्हती बया.

वायरमनने आडवी टाकलेली वायर काढली, घंटीत एक बारकी डबी जोडली म्हणजे गुणगुण होणार नाही, जास्त ताकदीचा ट्रान्सफॉर्मर घातला, आणि धाकटीने फोनवर काहीतरी निवडलं. बटण दाबलं. वर गाणं वाजलं, खाली डिंगडाँग. वहिनीच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने वायरमनला चहा दिला, दुसऱ्यांदाही दिला.

संध्याकाळी डिंगडाँग झालं. हा दूधवाला, असं म्हणत ती पातेलं घेऊन गेली, तर दारात शेजारीण. नंतर डिंगडाँग. ही शेजारीण परत आली असेल, तर पार्सलवाला. मग डिंगडाँग, आणि दारात चक्क आप्पा. सगळ्यांचं एकसारखं. टुकटुकीत नाही की भीत भीत नाही, आळशी नाही की उतावीळ नाही. शाळेतल्या पोरांनी एका सुरात हजेरी द्यावी तसं.

तिने वायरमनला पुन्हा बोलावून विचारलं, माझी घंटी बिघडवलीत का. तो बिचारा म्हणाला, घंटी उत्तम आहे. पण आता माणसाचं बोट घंटीपर्यंत पोचतच नाही. बोट त्या बेलला सांगतं, आणि घंटी ती बेल वाजवते. ती आपली एकदाच ठरल्यासारखा ठोका देते. तुम्ही बटण दाबून दुपारभर उभे राहिलात तरी डिंगडाँग तेवढंच.

म्हणजे आप्पाही हातचे गेले, आणि आप्पांचं डाँगही गेलं. बोलणं धाकटीकडे गेलं होतंच. निदान ते थांबलेलं अंतर तरी आपलं होतं, तेही त्या काळ्या डोळ्याने गिळलं. वायरमन पिशवी आवरत होता तोवर वहिनी स्वयंपाकघरात उगाच डबे आपटत राहिली. शेवटी वायरमनला म्हणाली, माझं जुनं बटण कुठे टाकलंत? त्याच्या पिशवीतच होतं ते. मग लावा परत. घंटीची वायर घंटीच्या बटणाला. आणि धाकटीच्या बेलचं तिचं ती बघेल.

धाकटी याही गोष्टीला हो म्हणाली. तिच्या बेलमध्ये बॅटरी होती, अधूनमधून काढून चार्ज केली की झालं. वर बिनवायरचं गाणं, खाली पितळी पट्ट्या. दाराच्या चौकटीवर आता वरती काळा डोळा आणि त्याच्याखाली वीतभर अंतरावर जुनं पिवळट बटण. एका दाराला दोन बेली. नवरा म्हणाला, आता येणाऱ्याने काय करायचं, चिठ्ठी काढायची? वहिनी हसली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याचं तिला काही पडलं नव्हतं. एकच माणूस कोणतं बटण दाबतो, एवढंच तिला बघायचं होतं.

संध्याकाळी ती दालनातल्या खुर्चीवर येऊन बसली. हातात विणकाम होतं, टाका एक पडत नव्हता. काचेवर आप्पांची आकृती आली. थांबली. काठी एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

आणि वर जिन्यापाशी गाणं वाजलं.

वहिनीने सुया मांडीवर ठेवल्या. झालं तर मग. बाहेर आप्पा काहीतरी बोलले, भिंत काहीतरी म्हणाली. वहिनीने कान फिरवला. इतकी वर्षं कोणासाठी धावलो आपण? एकदा तर ती याच दारासाठी धावताना पायपुसण्यावरून घसरून पडली होती, तेव्हापासून डावा गुडघा कामातून गेला. आता काही नाही धावायचं. बाळाला म्हणावं, ऑफिसातून दार उघड.

तेवढ्यात डिंग झालं.

खालच्या बटणाचं. तिच्या पितळी पट्टीचं. वहिनी हलली नाही. वर बोलून झालं आणि मग आठवण आली होय? होऊ दे डाँग. डाँग झाल्यावरच उठेन. राहू देत उभे जरा.

डाँग होईना.

ती वाट बघत राहिली. आता होईल, मग होईल. एवढा वेळ तर कधी लागला नव्हता. रागाची हळूहळू भीती झाली. बोट बटणावर ठेवून माणूस टेकलाय का भिंतीला? चक्कर आली का? वहिनी उठली, विणकाम खाली पडलं, एका पायात सपात नाही तशीच निघाली. भिंतीला धरून, खुर्चीला धरून, दालन संपता संपेना. ती काचेसमोर आली.

डाँग.

तिने दार उघडलं. आप्पा ठणठणीत उभे होते. बोट अजून बटणाजवळच होतं.

"आप्पा, बटण अडकलं होतं का?"

"नाही. धरून ठेवलं होतं."

"इतका वेळ?"

"तू काचेत दिसलीस की सोडतो," आप्पा म्हणाले. "तू एकदा धावत आलीस आणि पडलीस. घंटी वाजून संपली की तुला वाटतं दारावरचं माणूस जाईल. म्हणून धरतो. जोवर धरलंय तोवर मी इथेच आहे, सावकाश ये."

आप्पांचं वय झालं, असं तिने साऱ्या आळीला सांगितलं होतं. लांबत गेलं होतं ते त्यांचं बोट नव्हतं. तिचेच गुडघे होते ते, आणि ते त्या माणसाने रोज सकाळ-संध्याकाळ दाराबाहेर उभं राहून मोजले होते. पण वहिनी ती वहिनी.

"मग आधी वरचं का दाबलंत?" तिने विचारलंच.

"तिला विचारलं, तू उठलीस का ते. ती म्हणाली, मला आतलं दिसत नाही. मग तिच्याशी बोलून काय उपयोग?" आप्पा चपला काढत म्हणाले. "त्या नव्या बेलीला धरून ठेवता येत नाही बघ. मग तिथे उभं राहून करायचं काय, बोलत बसायचो आपलं. तू येईपर्यंत."

आणि "हं" न म्हणता आत गेले.

भिंतीतून धाकटीचा आवाज आला, वहिनी, आप्पा आत आले ना? वहिनी म्हणाली, आले गं बाई, आले. तेही जरा गोडच म्हणाली.

आता आप्पांचं वय झालं असं ती कोणाला सांगत नाही. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तिचा गुडघा पुष्कळ बरा आहे, शेजारणीकडे तरातरा जाते. पण संध्याकाळी डिंग झालं की ती खुर्चीतून मुद्दाम सावकाश उठते. सपाता शोधते, एक सापडली तरी दुसरी शोधते. जमलं तर वाटेत विणकामही उचलून ठेवते. बाहेर ते बोट बटणावर असतं, आणि ते थांबणं कोणत्याही फोनवर ऐकू येत नाही.