मदनचं ताट

अर्पित बोथरा जालन्याच्या एमआयडीसीत बियाणं साफ करणाऱ्या कारखान्यात यंत्रं सांभाळतो. माणूस साधा, पण एका बाबतीत पक्का लबाड. घर जैनांचं, दिवस मावळायच्या आत जेवायचा नियम. आणि हा दुसऱ्या पाळीत खुशाल रात्री नऊला कॅन्टीनची मिसळ हाणतो. आई, राजकुमारीबाई, रोज विचारतात, "दिवस होता तवर जेवला का?" हा रोज हो म्हणतो.

खरं सांगायची त्याची टाप नव्हती. आठवीत असताना एकदा क्रिकेटच्या नादात तो अंधार पडल्यावर घरी आला, तर राजकुमारीबाईंनी त्याला तसंच उपाशी झोपवलं होतं. पोरगं रडून रडून झोपलं, पण ताट काही वाढलं गेलं नाही.

याच घरात पुढं अकरावीच्या वर्षी डेन्मार्कहून मॅड्स नावाचा मुलगा राहायला आला. विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीची योजना होती. वर्षभर बोथरांकडं राहायचं आणि अर्पितच्या वर्गात बसायचं. लोकाच्या लेकराला मॅड कसं म्हणायचं, म्हणून राजकुमारीबाईंनी पहिल्याच दिवशी त्याचा मदन केला. मदन मराठी शिकला तीही आमची, जालन्याची. कांदा, लसूण, बटाटा सोडून तो सूर्यास्ताआधी मुकाट जेवायला बसू लागला. तो परत गेला तेव्हा अर्पित स्टेशनवर रडला होता. नंतर मात्र दोघांचं बोलणं वाढदिवसापुरतं उरलं.

गेल्या डिसेंबरात कारखान्यानं नवीन यंत्राची माहिती घ्यायला अर्पितला डेन्मार्कला पाठवलं. शनिवारी सुट्टी होती, म्हणून तो रेल्वेनं मदनच्या गावी निघाला. मनात धाकधूक होती. हा अजून आपल्याला घरचं समजेल, की नुसता हात मिळवून कॉफी पाजेल?

स्टेशनवर टक्कल पडलेल्या एका उंच माणसानं त्याची बॅग ओढून घेतली. "जल्दी चल," तो म्हणाला. "दिवस मावळून राह्यला."

अर्पितला आधी काही उमगेना. मग त्यानं घड्याळ बघितलं आणि आभाळाकडं बघितलं. तिकडं हिवाळ्यात सूर्य साडेतीनलाच गाशा गुंडाळतो. मदननं सकाळपासून खपून वरण, भात आणि मटारची उसळ केली होती, सगळं कांदा-लसणाशिवाय. दोघं खिडकीकडं बघत भराभरा जेवले. 'मी आता नियम पाळत नाही' हे अर्पितच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मदनची ती धावपळ बघून त्यानं ते वरणाबरोबर गिळून टाकलं.

सहा वाजता बाहेर मिट्ट काळोख आणि घरात भाजलेल्या पावाचा घमघमाट. मदनच्या बायकोनं, किर्स्टननं, पाहुण्याला टेबलाशी बोलावलं, तर मदननंच तिला थांबवलं. हा अंधारात खात नाही म्हणाला. अर्पित मान हलवून वर आपल्या खोलीत गेला. पोटात कावळे ओरडत होते.

थोड्या वेळानं मदन वर आला. हातात ताट, त्यावर दुसरं ताट पालथं घातलेलं. ते त्यानं सरळ पलंगाखाली सरकवलं.

"हे काय रे?"

"खा. मी न्हाई बघून राह्यलो."

"अन् नियम?"

"मम्मी रोज असंच ठेवायची माझ्या पलंगाखाली. मला रात्री लई भूक लागायची ना. अर्पितला बोलू नको म्हणायची."

अर्पितला राग आला, अगदी आठवीतल्या पोराचा. पोटच्या पोराला उपाशी झोपवणारी ही बाई दुसऱ्याच्या पोरासाठी वर्षभर नियम मोडत होती, आणि वर लपवतही होती. म्हणजे घरात लबाड आपण एकटेच नव्हतो. हे लक्षात आलं तसा त्याचा राग ओसरला आणि त्याला फार मोकळं वाटलं. गार वरणभात खाता खाता त्यानं मदनला कॅन्टीनच्या मिसळीचंही सांगून टाकलं. मदन हसून हसून लोळला.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "दिवस होता तवर जेवला का काल?"

"न्हाई मम्मी. रात्री जेवलो. मदननं पलंगाखाली ताट ठेवल्तं."

पलीकडं राजकुमारीबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"झाकून ठेवल्तं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो. बराबर तुझ्यासारखं."

मग त्या म्हणाल्या, "बरं. घरी आल्यावर सांग मला, तुला किती वाजता भूक लागती ते."