धोंड्याच्या महिन्यातला विलायती साप

दोन हजार तेवीस साल होतं आणि मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो, तेव्हा आमच्या घरात साप पाळला गेला. सापाला काचेची पेटी, पेटीला उबेचा बल्ब, बल्बला कळ, आणि कळ दाबायला मी.

नात पुण्याला कंपनीत आहे. कंपनीनं तिला काही महिने परदेशात धाडलं. तिच्या आईबापानं, म्हणजे माझ्या मुलानं आणि सुनेनं, बीडच्या फ्लॅटात साप ठेवायला साफ नकार दिला. दोघंही शिकलेले. सून तर शाळेत विज्ञान शिकवते. मग नात पेटी घेऊन माजलगावजवळच्या आमच्या गावी आली आणि म्हणाली, "आबा, तुमच्याबिगर दुसऱ्या कुणावर भरवसा न्हाई."

मी चौथी शिकलेला माणूस. पण दिलेला शब्द मी मोडला असं गावात कुणी म्हणून दाखवावं. "ठिव," म्हणालो.

मक्याचा साप म्हणे. मका खात नाही. करंगळीएवढा जाड, हातभर लांब, भगवा-तांबडा, लग्नातल्या फेट्यासारखा. विषही नाही त्याला. मी उभी हयात उसात काढली. नाग बघितले, घोणस बघितली, आणि धामण तर बांधावर माझ्या आधी हजर असायची. धामण उंदराच्या बिळात शिरते, मेहनतीनं पोट भरते, तिला आपण मान देतो. हा साहेब उंदराचं गोठवलेलं पिल्लू खाणार. तेही कोमट पाण्यात ठेवून नरम करायचं, चिमट्यात धरायचं आणि तोंडापुढं हलवायचं, म्हणजे त्याला वाटावं आपण शिकार केली. आधी तोंड फिरवणार, मग घेणार. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर ओकतो. शेतातला साप ओकताना मी कधी बघितला नाही.

तरी सगळं केलं. पाणी बदललं, घाण काढली, लपायला खापर दिलं. काम नीट करायचं म्हणजे त्या जनावराची इज्जत केली असं होत नाही.

त्या साली अधिक महिना श्रावणात आला. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात, लेकी-जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. म्हणजे श्रावण दोन, सोवळंही दोन महिने. मी बाजाराला गेलतो, तेवढ्यात आमच्या म्हातारीनं फ्रिज धुऊन काढला. परत आलो तर वरच्या कप्प्यातलं पाकीट गायब.

"उंदरं कुटं हायेत?"

"दिली उकिरड्यावर टाकून. वर मेलेली उंदरं आन् खाली निवदाचं दूध? माज्या घरात चालायचं न्हाई."

"मंग त्यानं काय खायचं?"

"उपास करील. तुमी करता, मी करते. त्यो काय लाटसाहेब हाय का?"

लाटसाहेब मीच म्हणत होतो त्याला.

बीडला माशांच्या पेट्या विकणारं एक दुकान आहे, तिथं ही पिल्लं मिळतात. पण सुटी देत नाही, पाकीटच घ्यावं लागतं, आणि पाकिटाला बर्फाचा फ्रिज लागतो. गावात ज्याच्या त्याच्या घरी सोवळं. उरला एकच फ्रिज, चिकनवाल्याचा. ते दुकान आधी देवळासमोर होतं. मी गाव गोळा करून ते फाट्यावर हलवायला लावलं. आजही लावीन. पण दुकानदाराच्या बापापासून आमचा घरोबा होता, तो त्या दिवशी तुटला. शिवाय देवळातल्या पोथीला पुढच्या सतरंजीवर बसणारा मी, अधिक महिन्यात चिकनच्या दुकानात कसा शिरू? मी थांबलो. वाटलं, म्हातारी नरमेल. ती कसली नरमतेय.

पिंजऱ्यात घरातला एक उंदीर सापडला, तो काचेबाहेरून सापाला दाखवला. उंदीर बघत राहिला आणि साप खापराखाली पळाला. मला त्या सापाचीच लाज वाटली.

महिना उलटला. सापाच्या पाठीचा कणा वर दिसायला लागला. मग दुसऱ्या श्रावणातली नागपंचमी आली. आमच्याकडं त्या दिवशी विळीला हात लावत नाहीत, तवा चुलीवर ठेवत नाहीत, रानात कुदळ मारत नाहीत, नागाला इजा व्हायला नको म्हणून. आणि म्हातारी अन् गल्लीतल्या ह्या बाया घरातला साप उपाशी मारून दूध-लाह्या घेऊन माझ्या ओसरीत. म्हातारीनं पेटी पाटावर मांडली, आत दुधाची वाटी सरकवली.

"पीत का न्हाई वो ह्यो?" शेजारीण म्हणाली.

"रागावला आसंल," दुसरी म्हणाली. "थोडं हळदी-कुंकू वाहू का वरून?"

"वाहा की," मी म्हणालो. "नाकातोंडात गेलं की मरंल, मंग खोबरं वाटा. वासरू हाय का ते, दूध प्यायला?"

"आबा, सणाचं आसं बोलू नये."

"सण नागाचा हाय. ह्यो नाग न्हाई. ह्यो पाहुना हाय, आन् तुमी पाहुन्याला उपाशी ठिवून त्याच्या पाया पडताय."

एवढ्यात नातीचा फोन आला, तोंड दिसतं तसला. एका पोरीनं उचलून तो सरळ पेटीपुढं धरला. नातीनं साप बघितला, दूध बघितलं.

"आजी, ती वाटी काढ आधी. शेवटचं कधी खाल्लं त्यानं?"

"उपास हाय बाई त्याला," म्हातारी म्हणाली. "आपल्या घरात हाय तवर आपल्यासारकं नको का ऱ्हायला?"

नात तिच्याशी भांडली नाही. मला वाटलं भांडेल, म्हणजे मलाही चार शब्द बोलता आले असते. तिनं एवढंच विचारलं, "आबा, तुम्ही घरीच होता ना?"

बायांनी माझ्याकडं बघितलं. मी वाटी बाहेर काढली आणि दूध म्हातारीच्या हातात दिलं. सणाच्या दिवशी मेलेल्या उंदराची सोय करायला मीही निघालो नाही, रीत म्हणजे रीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली आणि मागच्या बोळातनं न जाता देवळासमोरून गेलो. पारावर बसलेल्यांनी विचारलं, "आबा, कुनीकडं?"

"चिकनच्या दुकानात," म्हणालो, आणि त्यांची तोंडं बघायला थांबलो नाही.

दुकानदार मोकळ्या दुकानात पाय पसरून बसलेला. मला बघून उठला नाही.

"फ्रिज रिकामा हाय का?"

"तुमच्या मेहेरबानीनं श्रावनात रिकामाच आसतो, आबा."

"एक पाकीट ठिवायचं हाय."

"कशाचं?"

"उंदराच्या पिलांचं. सापाला."

तो मला खालपासून वरपर्यंत बघत राहिला. "आमच्यात बी उंदीर चालत न्हाई, आबा."

"तुला कोन खा म्हनतंय बे?"

तो हसला. मी हसलो नाही. "डबा निराळा आना, झाकनाचा," तो म्हणाला. "आन् माज्या घरातल्या बाईला सांगू नका."

मी रस्ता ओलांडला आणि बीडची एसटी धरली.