क्लिनिकातली नकारघंटा

सुलेखा रामटेके ही फार खवट बाई आहे, असं अमेरिकेत सांता क्लारातल्या निम्म्या मराठी मंडळींचं मत आहे. मी तिची शेजारीण, त्यामुळे हे मत मला सकाळ-संध्याकाळ ऐकावं लागतं.

चौऱ्याऐंशी साली ती डॉक्टर फिलिप्स यांच्या क्लिनिकात नर्स होती. तिथे मनाच्या दुखण्यावर एक नवी ट्रीटमेंट मिळे. पेशंटला एक कॅप्सूल द्यायची, डोळ्यांवर पट्टी बांधायची, संगीत लावायचं आणि गादीवर पाच तास पडून त्यानं आपलं मन आतून बघायचं. संध्याकाळी घरी. त्या औषधावर तेव्हा बंदी नव्हती, आणि बंदी नव्हती म्हणून नियमही नव्हते. क्लिनिकात अठरा उशा होत्या, बीपी बघायचं मशीन एकही नव्हतं. मशीन दिसलं की पेशंटचा विश्वास डळमळतो, असं डॉक्टरसाहेबांचं म्हणणं. विश्वासाला इतकं जपणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पेशंटला जपायचं काम मग सुलेखाकडे आलं.

तिनं घरचं मशीन नेलं. वजन, बीपी, चालू असलेली औषधं विचारणारा फॉर्म केला. घरी न्यायला कुणी आलं नसेल तर पेशंटला दारातूनच परत पाठवायला लागली. डॉक्टर तिला हसत ‘मिस नो’ म्हणायचे. तिच्या व्हिसाचे कागद त्यांच्या सहीवर होते, त्यामुळे त्यांना हसणं परवडत होतं.

ऑक्टोबरात मोहन अभ्यंकर आले. चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, दोन वर्षं मन उदास, झोप गेलेली. सोबत बायको संध्या. नर्स मराठी बघून त्यांची कळी खुलली.

“अरे वा, आपलं माणूस! कुठल्या तुम्ही?”

“नागपूर.”

“आडनाव?”

“रामटेके.”

“अच्छा,” अभ्यंकर म्हणाले, आणि पुढचं संभाषण इंग्लिशमध्ये सुरू झालं.

औषधांच्या रकान्यात त्यांनी वळणदार अक्षरात ‘नन’, म्हणजे काही नाही, असं लिहिलं होतं. बीपी ठीक होतं. कॅप्सूल वाटीत काढून झाली होती. सगळ्यांना विचारायची तसं सुलेखानं यांनाही विचारलं, सकाळी काय खाल्लं?

“नुसता टोस्ट,” संध्या म्हणाली. “चीज मी यांना देतच नाही. दादानं सांगितलंय ना.”

सुलेखानं वाटी स्वतःकडे ओढून घेतली. नागपूरच्या सरकारी वॉर्डात तिनं चार वर्षं काढली होती. उदासीवरच्या एका प्रकारच्या गोळ्या सुरू असल्या की चीज वर्ज्य असतं, आणि ज्यांनी जन्मात चीज बघितलं नव्हतं अशा पेशंटांनाही ती ते इमानेइतबारे बजावून सांगत असे.

“गोळ्या चालू आहेत का यांना?”

“हो, त्या दादा पाठवतो पुण्याहून. डॉक्टर आहे तो. कुणी इकडे येणारं असलं की देतो त्यांच्या बॅगेत. दीड वर्ष झालं.”

“फॉर्मवर तर काहीच नाही लिहिलं.”

“ऑफ कोर्स नाही,” अभ्यंकर मराठीवर आले. “मेडिकेशन म्हणजे इथल्या डॉक्टरनं प्रिस्क्राइब केलेलं. ह्या घरच्या आहेत, यार.”

त्यांचंही बरोबरच. भाजणी, लोणचं आणि गोळ्या एकाच बॅगेतून आल्या की सगळंच घरचं होतं. आमच्यातले एमएस, पीएचडी सगळे हेच करतात. मीसुद्धा करत होते.

सुलेखा डॉक्टरांकडे गेली. त्या गोळ्यांवर ही कॅप्सूल पडली तर बीपी असं चढेल की डोक्यातली शीर फुटेल, असं तिनं सरळ सांगितलं. डॉक्टर म्हणाले, त्यानं सही केलीय, दोन महिने वाट बघितलीय, आता त्याचा विश्वास मोडू नकोस. आणि आज सेशन झालं नाही तर तुझ्या नोकरीचा मला विचार करावा लागेल.

ती बाहेर आली. व्हिसा गेला तर नागपूरला परत, हे तिला माहीत होतं. घाबरले होते गं, असं तिनं नंतर मला सांगितलं. पण ती संध्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “ताई, यांनी आज हे घेतलं तर संध्याकाळी तुम्ही यांना घरी न्याल की नाही, मला सांगता येत नाही.”

संध्यानं पर्स उचलली, गाडीची किल्ली काढली. “चला हो,” ती म्हणाली. अभ्यंकर चिडले, इंग्लिशमध्ये खूप बोलले, पण गेले.

संध्याकाळी सुलेखाची नोकरी गेली. व्हिसाची मुदत संपायला आठ दिवस असताना एका वृद्धाश्रमात दुसरी मिळाली. मला इतका संताप आला होता की त्या फिलिप्सला मी फोनवर मराठीतून शिव्या दिल्या. त्याला कळल्या नाहीत, मला बरं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात सरकारनं औषधावर बंदी घातली. डॉक्टरसाहेबांनी पेपरला पत्र लिहिलं: आमच्या क्लिनिकात आजवर एकाही पेशंटला काही झालं नाही, याचं श्रेय आमच्या विश्वासाच्या वातावरणाला आहे.

दिवाळीला मंडळाचं जेवण होतं. अभ्यंकर श्रीखंडाची दुसरी वाटी हातात घेऊन चारचौघांना सांगत होते, “त्या रामटेके बाईनं माझी ट्रीटमेंट कॅन्सल केली. काय होणार होतं मला? बघा, आहे की ठणठणीत.” चारचौघे माना डोलावत होते. संध्या खाली बघत होती.

मी उठलेच होते. सुलेखानं हात धरून मला खाली बसवलं.

“ओरडतोय ना?” ती पुरी मोडत म्हणाली. “वॉर्डात आम्ही गप्प पडलेल्याकडे आधी धावायचो.”