वामनरावांचा वन्समोअर

मेकअपरूमच्या बाकावर जरा आडवी होते आणि डोळा लागतो. दाराबाहेर निवेदिका घोकते आहे, "प्रेम आणि युद्ध यांची ही अजरामर शोकांतिका..." शोकांतिका म्हणे. खुर्च्यांवर बसून, समोर वह्या धरून पदं म्हणणार आहोत आम्ही. तलवार नाही, पोशाख नाही, कोणी मरायचंसुद्धा नाही. नायिकेचा शेवटचा विलाप तर आयोजकांनी कापूनच टाकलाय, लोकांचा मूड जातो म्हणून. मीही लगेच हो म्हटलं. सुटलेच मी.

वामनराव आरशासमोर मिशी चिकटवताहेत. माझे यजमान, आणि पूर्वी याच नाटकातले सेनापतीही. वारून वर्ष झालं, तरी मिशी वाकडीच.

"खुर्चीवर बसून युद्ध?" ते म्हणतात. "भजनी मंडळ काढलंत की काय?"

"तुम्ही मोठे दिवे लावलेत. रणांगणात मेलात की वन्समोअर यायचा, की लगेच उठून परत गाणं. शत्रूचं सैन्य तोवर जांभया द्यायचं."

"लोकांना आवडायचं."

"लोकांचं मला नका सांगू. मला पुन्हा पहिल्यापासून रडावं लागायचं."

आरशापलीकडे रणांगण आहे आणि ते आमच्या सांगलीच्या स्वयंपाकघरात आहे. ओट्याखाली भाले पडलेत. वामनराव फरशीवर आडवे होतात, डोकं माझ्या मांडीवर ठेवतात. कपाळावरून कुंकवाचं पाणी ओघळतंय.

"खरा मेलो तेव्हा एक टिपूस काढलं नाहीस, इंदू. सगळी आळी बघत होती."

"तुम्ही उठाल म्हणून थांबले होते."

ते डोळे मिटतात. आयुष्यात पहिल्यांदा नीट मेलेत. श्वास चोरत नाहीत, एक डोळा किलकिला करून हाउसफुल्ल आहे का बघत नाहीत. मी वन्समोअर म्हणते. परत म्हणते. ते उठत नाहीत.

"इंदूताई, चला." निवेदिका दारात उभी आहे. "अय्या, साडीला काय लागलं?"

मांडीवर ओला, लालभडक डाग आहे. मी बोट लावून बघते. कुंकू.

"पेटीवाल्यांना सांग, शेवटचा विलाप मी म्हणणार आहे."

"पण ताई, लोकांचा मूड जाईल."

"जाऊ दे," मी म्हणते, आणि वामनराव गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू फुटतं.