महाडला मीच गेलो

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवालासुद्धा नाही — त्याला ठाऊक असेल तर असो. तुम्हाला सांगतोय, कारण पोटात ठेवून ठेवून आता कंटाळा आला. आणि खरं सांगू? पहिलं वाक्य लिहिलं तेव्हाच जरा मोकळं वाटलं.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे दिवस. महाडकडची आम्ही बारा माणसं लालबागच्या एका खोलीत राहायचो. बाकीचे सगळे गिरणीत, मी गिरगावातल्या एका गुजराती शेठची गाडी चालवायचो. सत्याग्रहाच्या तुकडीत आमच्या चाळीतल्या दर खोलीतून एक माणूस जायचा, पाळी लावलेली असायची. त्या सोमवारी पाळी माझी होती. आदल्या सकाळी खोलीनं मला नारळ दिला, कपाळाला गुलाल लावला. मीही छाती काढून चाळभर फिरलो — फुकटची ऐट!

संध्याकाळी शेठनी बोलावलं. त्यांच्या आईला, बांना, महाडला पोचवायचं होतं. ते म्हणाले, "उद्या तुझी तुकडी आहे ना? तू जा तिकडे. मी दुसरा ड्रायव्हर बघतो."

नीट ऐका. त्यांनी मला मोकळं सोडलं होतं. मीच म्हणालो, "नको शेठ, बांना मीच नेतो." जमत नाही एवढाच खोलीवर निरोप धाडला आणि पहाटेच निघालो.

का? लाठीची भीती? होती थोडी, नाही कशाला म्हणू. पण भीतीपेक्षा मोठा होता तो रस्ता. दासगाव आलं की सावित्री सोबतीला येते. वळणामागून वळण — नदी दिसते, झाडीआड जाते, पुन्हा दिसते. लहानपणी डोक्यावर भारा घेऊन त्याच रस्त्यानं अनवाणी चाललो होतो मी. आता हातात स्टिअरिंग होतं. बा मागे झोपल्या होत्या. मी काच खाली केली, ओहोटीच्या चिखलाचा वास आत आला. गरज नसताना हॉर्न वाजवला. तोंडाला येईल ते गायलो. तुम्ही हसाल — बांना पोचवल्यावर गाडी फिरवून दासगावपर्यंत मागे गेलो आणि ती सगळी वळणं पुन्हा एकदा घेतली. कशासाठी? कशासाठीच नाही.

इकडे खोलीचा शब्द जाऊ नये म्हणून भिकू माझ्या जागी उभा राहिला. भिकू म्हणजे माझ्या शेजारच्या वळकटीवर झोपणारा विणकर. लाठी त्याच्या उजव्या मनगटावर बसली. हाड पुढे वाकडंच जुळलं. विणायचे साचे सुटले, गिरणीत झाडू हातात आला.

मी परतलो तेव्हा तो हात गळ्यात बांधून बसला होता. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी काय म्हणालो? "शेठनं सोडलंच नाही रे. नोकरीवरून काढीन म्हणाला."

शेठ गुजराती. त्या दिवसांत तेवढं पुरलं — आणि ते पुरेल हे मला पक्कं माहीत होतं. कुणी उलट विचारलं नाही. उलट भिकूच माझी समजूत घालायला लागला. "तुझा काय दोष रे? पोटावर पाय दिल्यावर माणूस काय करणार?" पुढे जन्मभर शेठच्या दुकानासमोरून जाताना तो थुंकायचा. आणि दुकानातले शेठ मला विचारायचे, "तुझ्या दोस्ताचा हात कसा आहे?" मी म्हणायचो, बरा आहे.

दोघंही गेले. भिकूला सांगायला मला किती वर्षं मिळाली होती! हातभर अंतरावर झोपायचा तो. नाही सांगितलं. आता सांगून टाकलं, आणि हलकं वाटतंय. फार हलकं. लाज वाटते, पण हलकंही वाटतंय.

एक राहिलं. खोटं बोललो, हे मनातल्या मनात तरी मी केव्हाच कबूल केलं होतं. हे मात्र स्वतःलाही सांगितलं नव्हतं. भिकूचा हात बघितल्यावर मला त्या रस्त्याचा वीट यायला हवा होता. आला नाही. आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस कोणता, असं नातवंडं विचारतात, तेव्हा मी लग्नाचा सांगतो. तो नाही. तो त्या सोमवारचा आहे.